छोटी डार्ट, मोठं इंजिन: ए-बॉडी गाडीसाठी बिग ब्लॉक कसा निवडावा

१९६७ ते १९७६ या काळातली डॉज डार्ट, प्लिमथ व्हॅलियंट, डस्टर किंवा १९६९ पर्यंतची बॅराक्युडा कुणाच्या हाती लागली, की लवकरच एक प्रश्न येतो: यात बिग ब्लॉक, म्हणजे क्रायस्लरचं मोठ्या आकाराचं व्ही-८ इंजिन, टाकायचा तर कुठला? बहुतेक जण उत्तराची सुरुवात हॉर्सपॉवरच्या आकड्यापासून करतात. माझं मत वेगळं आहे. क्रायस्लरच्या या लहान गाड्यांमध्ये, ज्यांना एकत्रितपणे ए-बॉडी म्हणतात, इंजिनाचा निर्णय बॉनेटखालच्या जागेवरून घ्यायचा असतो. स्टिअरिंग बॉक्स, टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगचं काम करणारी दांडी), ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये काय मावतं आणि पुढच्या चाकांवर किती वजन पडतं, हे आधी ठरवा. ताकद मिळवण्याचे मार्ग भरपूर आहेत. जागा मात्र जेवढी आहे तेवढीच राहते.

क्रायस्लरशी आपलं नातं तसं जुनं आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याखाली डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या होत्या. आज डेट्रॉइटच्या आसपास वाहन उद्योगात काम करणारी मराठी माणसंही पुष्कळ आहेत. गॅरेजमध्ये एखादी जुनी डार्ट उभी करून तिच्यावर शनिवार-रविवार घालवणाऱ्यांना उपयोगी पडावं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हातातली गाडी ओळखा

१९६३ ते १९६६ च्या ए-बॉडीचा इंजिन बे अरुंद आहे. तिथे बिग ब्लॉक बसवायचा तर इतकी कापाकापी होते, की मी तो विचार सोडून द्यायलाच सांगेन. १९६७ साली क्रायस्लरने ही गाडी नव्याने आखली आणि बे रुंद केला. त्याच वर्षापासून ३८३ घन इंचाचं इंजिन कारखान्यातूनच बसून येऊ लागलं (पुढे ३४०, ४४० असे इंजिनांचे आकडे येतात तेही घन इंचांतलं आकारमानच). म्हणून १९६७ ते १९७२ ही वर्षं या कामासाठी सर्वांत सोयीची. १९७३ पासून पुढचा के-मेंबर, म्हणजे ज्याच्यावर इंजिन आणि खालचा सस्पेन्शन टेकतो तो आडवा सांगाडा, बदलला आणि इंजिन माउंटची पद्धतही वेगळी झाली. त्या गाड्यांमध्येही बिग ब्लॉक बसतो, पण माउंट वेगळे लागतात. माउंट मागवताना वर्ष नीट सांगितलं नाही तर चुकीचा संच घरी येतो.

मग चासी क्रमांक पाहा. या काळातल्या क्रमांकाचं पाचवं अक्षर कारखान्यात बसवलेलं इंजिन सांगतं. १९६८ आणि १९६९ मध्ये ‘पी’ म्हणजे ३४०, ‘एच’ म्हणजे चार-बॅरल ३८३, आणि १९६९ च्या डार्टमध्ये ‘एम’ म्हणजे ४४०. शेवटची गाडी फार दुर्मीळ आहे. १९६९ मध्ये ४४० बसवलेल्या डार्ट साडेसहाशेच्या आसपासच बनल्या. हातातली गाडी अस्सल ३४० किंवा अस्सल ३८३ असेल, तर तिचं मूळ इंजिन काढून कोपऱ्यात ठेवून देऊ नका. मूळ इंजिनासह ती गाडी जपण्याजोगी आहे. बिग ब्लॉकच्या प्रयोगासाठी स्लँट सिक्स (तिरकं बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन) किंवा ३१८ घेऊन आलेली साधी डार्ट निवडा. तशा गाड्या भरपूर बनल्या आणि त्यांच्यात बदल केल्याने इतिहासाचं काही नुकसान होत नाही.

बिग ब्लॉक खरंच हवा आहे का?

हा प्रश्न टाळू नका. क्रायस्लरचा स्मॉल ब्लॉक, म्हणजे ३१८, ३४०, ३६० ही लहान व्ही-८ इंजिनं, काही कमी नाही. ३४० ची कागदावरची ताकद २७५ हॉर्सपॉवर होती, पण रस्त्यावर ती ३८३ च्या ए-बॉडीला सहज तोंड द्यायची. कारण पुढचं वजन कमी होतं आणि गाडी वळणावर ऐकायची. आज ३६० च्या ब्लॉकमध्ये ४ इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनला तेवढी वरखाली चाल देणारा, क्रँक टाकून ४०८ घन इंच मिळतात, आणि चांगल्या हेडसह असं इंजिन साडेचारशे हॉर्सपॉवर आरामात देतं. ते मूळ जागेत बसतं, हेडर (एक्झॉस्टच्या नळ्यांचे संच) सोपे जातात, प्लग बदलताना हात भाजत नाहीत.

वजनाचा हिशेब असा. स्लँट सिक्स साधारण २१५ किलो, ३४० साधारण २४५ किलो, आणि पूर्ण लोखंडी ४४० तीनशे किलोच्या थोडं वर. म्हणजे स्लँट सिक्स काढून ४४० टाकलं, तर नव्वद किलोच्या आसपास जादा भार पुढच्या एक्सलवर येतो. अॅल्युमिनियमचे हेड घेतले तर जोडीमागे पंचवीसेक किलो वाचतात आणि अॅल्युमिनियमच्या इनटेक मॅनिफोल्डने आणखी दहा. पाणीपंपाचं हाउसिंगही अॅल्युमिनियमचं मिळतं. एवढं सगळं केलं तर बिग ब्लॉकचं वजन लोखंडी स्मॉल ब्लॉकच्या जवळ येतं. हे सगळं करायची तयारी नसेल आणि गाडी मुख्यतः घाटरस्त्यांवर किंवा वळणाच्या ट्रॅकवर न्यायची असेल, तर ४०८ कडे वळा. मनापासून सांगतो, त्यात कमीपणा काही नाही.

बिग ब्लॉकची खरी मजा खालच्या आरपीएममधल्या टॉर्कमध्ये आहे. १९६९ च्या ४४० ला ३७५ हॉर्सपॉवर आणि ४८० पाउंड-फूट टॉर्क होता, आणि तो टॉर्क इंजिन फारसं पिळायला न लावता मिळायचा. हलक्या गाडीत, ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह, लांब हायवेवर हे इंजिन ज्या निवांतपणे ओढतं ते लहान इंजिनाला साधत नाही. तुम्हाला तेच हवं असेल तर पुढे वाचा.

दोन घराणी: लो डेक आणि हाय डेक

क्रायस्लरच्या बिग ब्लॉकमध्ये दोन घराणी आहेत. ‘बी’ म्हणजे लो डेक: ३६१, ३८३, ४००. ‘आरबी’ म्हणजे हाय डेक: ४१३, ४२६ वेज आणि ४४०. क्रँकच्या मध्यापासून हेड बसतं त्या पृष्ठभागापर्यंतची उंची बी मध्ये ९.९८ इंच, आरबी मध्ये १०.७२५ इंच. फरक पाऊण इंचाचा.

कागदावर पाऊण इंच म्हणजे काहीच नाही. पण दोन्ही बाजूंचे सिलिंडर ४५ अंशात कललेले असतात. त्यामुळे आरबी इंजिनाचं प्रत्येक हेड अर्ध्या इंचाहून थोडं जास्त बाहेर आणि तेवढंच वर सरकतं. दोन्ही बाजू मिळून इंजिन एक इंचाने रुंद होतं. ए-बॉडीच्या बे मध्ये तो एक इंच म्हणजे डावा हेडर स्टिअरिंग बॉक्सला टेकणं आणि सुटणं यांतलं अंतर आहे. ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि व्हॉल्व्ह कव्हर यांच्यामध्ये बोट जातं की नाही, तेही याच इंचावर ठरतं. १९६९ च्या कारखान्यातल्या ४४० डार्टला पॉवर स्टिअरिंग आणि पॉवर ब्रेक मिळत नव्हते, कारण ते बसवायला जागाच उरत नव्हती. त्या गाड्या फक्त टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिकसह आल्या.

हेड दोन्ही घराण्यांत चालतात, म्हणजे ४४० चं हेड ३८३ वर बसतं. इनटेक मॅनिफोल्ड मात्र एका घराण्याचा दुसऱ्याला चालत नाही, कारण आरबी ची दरी जास्त रुंद आहे. क्रँकचे मेन जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे भाग, हेही वेगळे: बी मध्ये २.६२५ इंच, आरबी मध्ये २.७५ इंच. क्रँकची अदलाबदल करताना ही मापं कामाला येतात.

३८३, ४००, ४४०: कुणाला काय

३८३ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.२५ इंच आणि स्ट्रोक ३.३७५ इंच. १९७१ पर्यंत ते बनलं. १९६७ च्या डार्ट जीटीएस आणि बॅराक्युडामध्ये त्याला केवळ २८० हॉर्सपॉवर होते, तर हेच इंजिन मोठ्या गाड्यांमध्ये ३२५ देत होतं. कारण एकच: ए-बॉडीत मावावा म्हणून डाव्या बाजूचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आखूड आणि कोंडलेला केला होता. १९६८ मध्ये आकडा ३०० झाला आणि १९६९ मध्ये ३३०. या कथेतून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ए-बॉडीत इंजिनाची ताकद एक्झॉस्टवर अडते. गाडी मूळ ३८३ ची असेल तर ३८३ च ठेवा. नसेल, तर नव्याने ३८३ शोधण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही, कारण त्याच उंचीत, त्याच रुंदीत ४०० मिळतं.

४०० हे १९७२ ते १९७८ मधलं. स्ट्रोक तोच ३.३७५ इंच, बोअर ४.३४ इंच, म्हणजे कारखान्यातून आलेल्या क्रायस्लर बिग ब्लॉकमधला सर्वांत मोठा बोअर. पण ज्या काळात ते आलं तो काळ प्रदूषण नियमांचा होता, कॉम्प्रेशन आठच्या थोडं वर आणि ताकद मोजण्याची पद्धतही १९७२ पासून बदललेली. जुन्या ढोबळ मापाऐवजी नेट माप छापलं जाऊ लागलं. म्हणून ४०० चे आकडे मरगळलेले दिसतात आणि अनेकांनी या ब्लॉकला कधी गंभीरपणे घेतलंच नाही. ही चूक आहे. मोठा बोअर म्हणजे मोठ्या व्हॉल्व्हना मोकळा श्वास, आणि लो डेक म्हणजे ए-बॉडीत सोपी बसवणी.

या ४०० मध्ये ४४० चा ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक घातला आणि बोअर ४.३७५ इंच केला, की ४५१ घन इंच मिळतात. जुनी पद्धत अशी: ४४० चा फोर्ज केलेला क्रँक घ्यायचा, त्याचे मेन जर्नल २.७५ वरून २.६२५ इंचांवर आणायचे आणि काउंटरवेट थोडे छाटायचे. आता बी ब्लॉकसाठीच तयार केलेले स्ट्रोकर क्रँक मिळतात, तेव्हा लेथवर एवढं काम करण्यात फायदा उरलेला नाही. ४.१५ इंच स्ट्रोक घेतला तर त्याच ब्लॉकमधून जवळजवळ ५०० घन इंच निघतात. म्हणजे ४४० पेक्षा मोठं इंजिन, ३८३ च्या आकारात. ए-बॉडीसाठी माझी पहिली पसंती म्हणूनच ४०० च्या ब्लॉकला आहे. रस्त्यावरच्या गाडीला ४५१ पुरेसं आहे. पाचशेच्या मागे लागायचं असेल, तर मागचा एक्सल आणि टायर यांचा खर्च आधी मांडून बघा.

मग ४४० कुणी घ्यावं? १९६६ ते १९७८ पर्यंत ते बनलं, न्यू यॉर्कर, इम्पीरियल, फ्युरी, मोनॅको अशा मोठ्या गाड्यांमध्ये आणि मोटरहोममध्ये गेलं. बोअर ४.३२, स्ट्रोक ३.७५. ते कुठल्याही फेरफाराशिवाय ४४० असतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. चालू स्थितीतलं, चांगल्या दाबाचं ४४० हाती आलं, मशीन शॉपचा खर्च टाळायचा असेल आणि गाडी मुख्यतः सरळ रेषेत पळवायची असेल, तर ४४० घ्या. स्टिअरिंग साधं ठेवावं लागेल, हेडर महाग पडतील, पण गाडी लवकर रस्त्यावर येईल. मोटरहोममधून घेतलं असेल तर ऑइल पॅन आणि बाहेरची बरीचशी सामग्री बदलावी लागते, हे भाव करताना धरा.

४२६ हेमी, म्हणजे अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचं शर्यतीचं इंजिन, याबद्दल थोडक्यात. १९६८ मध्ये ड्रॅग रेसिंगसाठी हर्स्ट कंपनीकडून हेमी डार्ट आणि हेमी बॅराक्युडा मिळून दीडशेच्या आसपास गाड्या तयार करवून घेतल्या गेल्या. त्यांच्यात मास्टर सिलिंडर हलवावा लागला आणि सस्पेन्शनच्या टॉवरला कापाकापी करावी लागली. रस्त्यावरच्या गाडीसाठी तो मार्ग नाही.

जुनं इंजिन विकत घेताना

ब्लॉकच्या बाजूला ओतलेला क्रमांक पाहा. ४४० चे नेहमीचे ब्लॉक २५३६४३० (१९६६–७२) आणि ३६९८८३० (१९७३–७८) असे. ४०० मध्ये ३६१४२३० आणि ३६९८६३०. यांपैकी ३६१४२३० ला लोक जास्त मागणी करतात, कारण तो जाड ओतीव समजला जातो. पण क्रमांकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मशीन शॉपमधून सिलिंडरच्या भिंतींची जाडी सोनिक टेस्टने मोजून घ्या. ओतकामात साचा सरकलेला असला, तर एका बाजूची भिंत पातळ निघते आणि तसा ब्लॉक जास्त बोअर सोसत नाही. ०.०३० इंचापलीकडे बोअर करायचा विचार असेल तर ही चाचणी टाळायची नाही. मेन कॅपच्या आसपास आणि लिफ्टरच्या दरीत भेगा आहेत का, ते मॅग्नाफ्लक्सने तपासून घ्या.

क्रँक ओतीव आहे की फोर्ज केलेला, हे विचारून नका सोडू, बघा. साठच्या दशकातले ३८३ आणि ४४० बहुतेक फोर्ज क्रँकचे. सत्तरच्या दशकात ओतीव क्रँक आले आणि त्यांचं संतुलन बाहेरून केलेलं असतं. पुढचा डँपर आणि मागचा टॉर्क कन्व्हर्टर या दोन्हींवर त्यासाठी वजन असतं. ओतीव क्रँकच्या इंजिनाला फोर्ज क्रँकचा डँपर किंवा कन्व्हर्टर लावला, की इंजिन थरथरतं आणि बेअरिंग जातात. क्रँक, डँपर आणि कन्व्हर्टर नेहमी एका जातीचे ठेवा.

हेडच्या बाबतीत १९६८ ते १९७० मधली ‘९०६’ ही लोखंडी हेड आजही चांगली समजली जातात. त्यांच्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण केलेल्या नसतात, म्हणून शिसेरहित पेट्रोलवर रोज चालवायचं असेल तर नव्या सीट बसवून घ्या. १९७६ पासूनच्या ‘४५२’ हेडमध्ये कठीण सीट कारखान्यातूनच आहेत, आणि आत पोर्ट जवळपास तसेच आहेत. भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळाली तर ४५२ सोडू नका. पण दोन्ही लोखंडी हेडवर सीट, गाइड, व्हॉल्व्ह असा खर्च केला की नव्या अॅल्युमिनियम हेडच्या किमतीजवळ पोहोचता. ए-बॉडीसाठी मी अॅल्युमिनियमच घेईन, वजनासाठी.

कॉम्प्रेशन, कॅम आणि पेट्रोल

पंपावरच्या पेट्रोलवर लोखंडी हेडसह ९ ते ९.५ कॉम्प्रेशन ठेवा. अॅल्युमिनियम उष्णता लवकर सोडतं, म्हणून तिथे १० ते १०.५ चालतं. अमेरिकेतल्या पंपावर लिहिलेला ९१ किंवा ९३ हा आकडा दोन मापांची सरासरी असतो. भारतात सांगितला जाणारा आकडा केवळ रिसर्च ऑक्टेनचा असतो, आणि त्या मापातलं ९१ हे अमेरिकन ८७ च्या जवळचं. पुण्या-मुंबईतल्या कुणी अमेरिकन इंजिनाची कृती जशीच्या तशी उचलली, तर इंजिन ठोकेल. आकडा वाचताना माप कुठलं आहे ते आधी बघा.

कॅम निवडताना हावरेपणा नको. ४५१ सारख्या इंजिनाला ०.०५० इंच लिफ्टवर २२० ते २३० अंश ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो त्याचं माप) रस्त्यासाठी पुरे. त्यात सिग्नलवर इंजिन शांत उभं राहतं, ब्रेकला व्हॅक्यूम मिळतो आणि तीन हजार आरपीएमच्या खालीच टॉर्क येतो. याच्यापुढे गेलात तर कन्व्हर्टर, एक्सल रेशो, सगळं बदलावं लागतं. ड्युअल प्लेन मॅनिफोल्ड आणि ७५० सीएफएमचा चार-बॅरल कार्ब्युरेटर ही जोडी रस्त्यावरच्या बिग ब्लॉकला शोभते.

बसवणी: जिथे बहुतेक प्रकल्प अडतात

सगळं इंजिन जोडण्याआधी रिकामा ब्लॉक, हेड आणि हेडर के-मेंबरवर ठेवून बघा. हे सर्वांत महत्त्वाचं काम आहे, आणि बहुतेक जण तेच वगळतात.

के-मेंबर: १९६७ ते १९६९ मध्ये कारखान्यातल्या बिग ब्लॉकचा के-मेंबर वेगळा होता, पण तो मिळणं कठीण आणि महाग आहे. स्मॉल ब्लॉक किंवा स्लँट सिक्सच्या के-मेंबरवर बिग ब्लॉक बसवण्यासाठी बदली माउंट मिळतात. के-मेंबर काढलाच आहे, तर स्टिअरिंग बॉक्स बसतो तिथल्या आणि खालच्या कंट्रोल आर्मच्या आसपासच्या वेल्डिंगला भेगा पडल्यात का बघा आणि पट्ट्या लावून मजबूत करून घ्या.

हेडर: इथे पैसे वाचवायला जाऊ नका. ए-बॉडी बिग ब्लॉकसाठीच आखलेले हेडर घ्या, आणि ऑर्डर देताना इंजिन बी आहे की आरबी, स्टिअरिंग मॅन्युअल की पॉवर, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक की चार-स्पीड, हे सगळं सांगा. टॉर्शन बार आणि स्टिअरिंगच्या पिटमन आर्मजवळून नळ्या जातात. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, गाडीचं वजन चाकांवर असताना, कुठे टेकतं का ते तपासा. मूळ मोठा स्टार्टर हेडरला खेटतो, म्हणून नंतरच्या क्रायस्लर गाड्यांमधला छोटा गिअर रिडक्शन स्टार्टर लावा. तो हलका आहे आणि गरम इंजिन फिरवायलाही तयार असतो.

ऑइल पॅन: ए-बॉडीत स्टिअरिंगची जोडणी इंजिनाच्या खालून जाते, म्हणून मधल्या संपचा योग्य पॅन लागतो. मोठ्या गाडीतला पॅन तसाच ठेवला तर तो ड्रॅग लिंकला घासू शकतो. बी आणि आरबी मध्ये तेलाचा पंप आणि फिल्टर बाहेर, पुढच्या बाजूला आहेत. पंप बदलणं त्यामुळे सोपं, पण फिल्टर के-मेंबरच्या किती जवळ येतो ते बघून आखूड फिल्टर निवडा.

ब्रेक: इंजिन रुंद झालं की बूस्टरची जागा जाते. हात झटकू नका, पॉवर नसलेले पुढचे डिस्क ब्रेक या वजनाच्या गाडीला व्यवस्थित थांबवतात, फक्त मास्टर सिलिंडरचा बोअर त्यांना जुळणारा हवा. १९७३ ते १९७६ च्या ए-बॉडीचे डिस्क ब्रेक बसवणं हा चांगला उपाय आहे. त्याबरोबर वरचा मोठा बॉल जॉइंट येतो, आणि चाकाची बोल्ट पद्धत जुन्या ५ × ४ इंचावरून ५ × ४.५ इंचावर येते. मग मागच्या एक्सललाही तीच पद्धत करून घ्या, नाहीतर दोन प्रकारची चाकं बाळगत बसाल.

बॉनेट: ४४० वर उंच मॅनिफोल्ड आणि मोठा एअर क्लीनर ठेवला, की बॉनेट बंद होत नाही. खोलगट तळाचा एअर क्लीनर घ्या. लो डेकमध्ये अर्धा इंच आपोआप मिळतो, हाही ४०० च्या बाजूने एक मुद्दा.

इंजिन वरून क्रेनने टाकता येतं, पण ए-बॉडी बिग ब्लॉकला मी खालून बसवण्याचा मार्ग सुचवेन. इंजिन, गिअरबॉक्स, हेडर आणि के-मेंबर एकत्र जोडून जमिनीवर चाकं लावलेल्या पाटावर ठेवायचं आणि गाडी वरून हळूहळू खाली आणायची. दोन माणसं, चार मजबूत स्टँड आणि घाई नसलेला दिवस हवा. वरून टाकताना रंग खरवडण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं.

इंजिनाच्या मागे आणि खाली

स्मॉल ब्लॉकचं आणि बिग ब्लॉकचं गिअरबॉक्स एकमेकांना बसत नाही. क्रायस्लरच्या ऑटोमॅटिकमध्ये बेल हाउसिंग केसमध्येच ओतलेलं असतं. लहान ‘९०४’ मॉडेलचा गिअरबॉक्स काढून बिग ब्लॉकच्या बोल्टजागांचा मोठा ‘७२७’ घ्या. ९०४ च्या मागच्या शाफ्टला २६ स्प्लाइन आणि ७२७ ला ३० असतात, म्हणजे पुढचा योक बदलतो, मागचा क्रॉसमेंबर बदलतो आणि प्रॉपेलर शाफ्टची लांबीही नव्याने मोजावी लागते. ही लांबी गाडी चाकांवर उभी असतानाच मोजा.

स्लँट सिक्सच्या गाडीमागे असलेला ७.२५ इंचाचा एक्सल बिग ब्लॉकचा टॉर्क सोसत नाही. ८.७५ इंचाचा एक्सल हा त्या काळातला खरा जोडीदार, त्याचा गिअरसंच पुढून संपूर्ण बाहेर काढता येतो. ए-बॉडीसाठी अरुंद केसचा शोधा. केस क्रमांक ४८९ आणि ७४२ चांगले, ७४१ हलका. रस्त्यावरच्या गाडीला ३.२३ ते ३.५५ रेशो ठेवा. टॉर्क इतका असताना ३.९१ हवा असतो तो फक्त ड्रॅग स्ट्रिपवर.

टॉर्शन बार बदलायला विसरू नका. सिक्स सिलिंडरच्या गाडीला ०.८३ इंच जाडीचे बार होते, ३४० ला ०.८७ आणि ३८३–४४० ला ०.८९. आज त्याहून जाड बार मिळतात, आणि मी ०.९२ च्या पुढेच पाहीन, कारण ०.८९ सुद्धा पुढचा भार नीट धरत नाही. बार बदलताना जुन्या बारवर पकड मारून ओरखडे पाडू नका. ओरखड्यापासूनच भेग सुरू होते.

या गाड्यांना वेगळी चासी नाही, पुढच्या आणि मागच्या सबफ्रेमना (आधाराच्या सांगाड्यांना) थेट जोडणारी तुळई नसते. बिग ब्लॉकच्या टॉर्कने शरीर मुरगळतं आणि दारांच्या फटी उघडतात. सबफ्रेम कनेक्टर वेल्ड करून घ्या, बोल्टने लावलेले पुरत नाहीत. हे काम गाडी चारही चाकांवर सम उभी असताना करा, लिफ्टवर लटकलेली असताना नाही.

थंड ठेवणं

ए-बॉडीत मूळचा २२ इंची रेडिएटर बिग ब्लॉकला थंडीत पुरतो, उन्हाळ्याच्या ट्रॅफिकमध्ये नाही. दोन मार्ग: त्याच जागेत बसणारा जाड अॅल्युमिनियमचा २२ इंची, किंवा रेडिएटर सपोर्ट कापून २६ इंची. गाडी मूळ स्वरूपात ठेवायची असेल तर पहिला, मन मोकळं असेल तर दुसरा. दोन्हींत पंख्याला पूर्ण शराउड, म्हणजे भोवतीचं आवरण, हवं. शराउडशिवाय कितीही मोठा रेडिएटर लावला तरी उभ्या गाडीत हवा नीट खेचली जात नाही. बॅटरी मागे डिकीत हलवली की पुढे जागाही होते आणि वजनही मागे जातं. तिच्यासाठी जाड केबल आणि बॅटरीजवळच फ्यूज द्या.

पैसे कुठल्या क्रमाने घालायचे

ब्रेक आणि टॉर्शन बार आधी. मग एक्सल आणि सबफ्रेम कनेक्टर. मग रेडिएटर. मग हेडर. इंजिन शेवटी. हा क्रम उलटा केला की चमकदार इंजिन स्टँडवर पडून राहतं आणि गाडी वर्षानुवर्षं जॅकवर. हा क्रम पाळलात तर मधल्या काळात जुन्या ३१८ किंवा स्लँट सिक्सवरच गाडी चालवता येते, नव्या ब्रेकची आणि सस्पेन्शनची ओळख होते, आणि बिग ब्लॉक येईल तेव्हा बाकीची गाडी त्याच्यासाठी तयार असते.

फ्लॅट टॅपेट कॅम (ज्याच्यावर रोलरऐवजी सपाट तळाचे लिफ्टर घासत चालतात) असेल तर पहिल्या स्टार्टची तयारी नीट करा. तेलाचा पंप ड्रिलने फिरवून सगळीकडे तेल पोहोचल्याची खात्री, कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये पेट्रोल, टायमिंग आधीच जवळपास बरोबर. जस्त आणि फॉस्फरस जास्त असलेलं ब्रेक-इन तेल घाला, कारण आजच्या साध्या तेलात ते कमी असतं आणि कॅमचे लोब त्यावरच वाचतात. इंजिन सुरू होताच आरपीएम दोन हजारांच्या वर नेऊन वीसेक मिनिटं दोन ते अडीच हजारांत खालीवर करत ठेवा. आयडलवर येऊ देऊ नका. तापमान वाढायला लागलं तर बंद करा, थंड होऊ द्या आणि उरलेली मिनिटं पुन्हा पूर्ण करा. मग तेल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून आत धातूचे कण आहेत का ते पाहा, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडरचे बोल्ट पुन्हा एकदा घट्ट करा. पहिल्या शंभर मैलांनंतर ते परत सैल झालेले असतील, तेव्हा पाना डिकीतच ठेवा.